रॉकीजच्या उतारांवर एल्कमागे: गाईडसोबत पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या विमानतळावर विमान टेकलं की तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दहा मीटर वर असता. कळसूबाई १६४६ मीटर, विमानतळ १६५६. तिथून गाडीने नैर्ऋत्येला सॅन वान पर्वतरांगेकडे जायचं, मग घोड्यावर अर्धा दिवस, आणि रात्री ज्या तंबूत अंग टाकायचं तो ३००० मीटरच्या वर. पहाटे साडेचारला कोणीतरी तंबूच्या कापडावर थाप मारतं. चढाई त्यानंतर सुरू होते.

पंचवीस वर्षं सह्याद्री तुडवलाय, डोंगर आपल्याला नवा नाही, या गुर्मीत मी पहिल्या वर्षी एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी एका स्प्रूसच्या खोडाला धरून ओकलो. त्या वर्षी एल्कची शेपटीसुद्धा दिसली नाही. दुसऱ्या वर्षी दिसला, पण गाईडने गोळी झाडू दिली नाही. तिसऱ्या वर्षी एक मादी मिळाली. आता कोलोरॅडोतले ओळखीचे मराठी लोक ‘आम्हालाही जायचंय, काय काय लागतं?’ असं विचारतात, आणि फोनवर तासभर बोलूनही निम्मं सांगायचं राहतं. म्हणून हे एकदा लिहून ठेवतोय.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण त्यामुळे आपल्या पिढीला या कामाचा काहीच वारसा नाही. इथे अमेरिकेतल्या मुलाला बापाने, आजाने दहाव्या वर्षी जे दाखवलेलं असतं ते आपण चाळिशीत शिकतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मात्र ते आउटफिटरला (गाईड, घोडे, तंबू असा सगळा कॅम्प चालवणाऱ्याला) पहिल्याच फोनवर सांगून टाका. अनुभव फुगवून सांगणारा नवखा उतारावर सगळ्यांच्या जिवाला घोर लावतो.

प्राणी कोण, हे आधी

एल्क म्हणजे मोठा सांबर मनात आणा आणि त्याला आणखी भारदस्त करा. नराचं वजन ३०० ते ३५० किलो, मादीचं सव्वादोनशेच्या आसपास, खांद्यापाशी उंची दीड मीटर. काश्मीरचा हांगूल याचा जवळचा नातलग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळपास संपले होते. वायोमिंगहून आणून ते पुन्हा सोडले, आणि आज या राज्यात २ लाख ८० हजारांच्या घरात आहेत, अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. परवान्यांचा पैसा आणि १९३७च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीव खात्यांकडे जातो. घरी आईने ‘का मारता त्या मुक्या जनावराला?’ असं विचारलं की हा हिशेब सांगता येतो. तिचं समाधान होईल असं नाही. माझ्या आईचं झालं नाही.

कायदा: इथे चूक केली तर डोंगर दिसणारच नाही

सगळ्यात आधी व्हिसा. एच-१बी, एफ-१, एल-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदी आहे. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. मुदत संपली की सूटही संपली. मित्राची रायफल ‘जरा धरून बघतो’ हेसुद्धा बाळगण्यातच मोजलं जाऊ शकतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी परवाना, मग रेंजवर सराव, आणि दोन्हींच्या आधी इमिग्रेशन वकिलाला एक फोन. वकिलाची फी महाग वाटली तर ग्रीन कार्डाच्या रांगेत घालवलेली वर्षं आठवा. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. धनुष्यबाण संघीय कायद्यात बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे व्हिसावरचे काही जण सरळ धनुष्याकडे वळतात. पण ती वेगळी विद्या आहे, एका उन्हाळ्यात येत नाही.

दुसरं, हंटर एज्युकेशन. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत परवाना काढण्याआधी हा कोर्स पूर्ण करावा लागतो. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं. कोर्स सोपा आहे, तरी मन लावून करा. शेजारच्या बाकावर बारा वर्षांची मुलं असतील आणि त्यांची उत्तरं तुमच्या आधी येतील.

तिसरं, परवाना. कोलोरॅडोत परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात, म्हणजे ऑक्टोबरच्या शिकारीचा विचार आदल्या थंडीतच व्हायला हवा. सलग सहा महिने राज्यात राहिलात तर रहिवासी दराने परवाना मिळतो, तो शंभर डॉलरच्या आत येतो. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला सातशेहून अधिक मोजावे लागतात. काही रायफल हंगामांचे परवाने सोडतीशिवायही मिळत आले आहेत, पण नियम दरवर्षी हलतात. खात्याची त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचा. त्यातल्या दोन ओळी पाठच करा. एक, कोलोरॅडोच्या बहुतेक भागांत नराच्या एका शिंगाला निदान चार टोकं हवीत, किंवा कपाळावरचं पहिलं टोक निदान पाच इंचांचं हवं. दोन, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडता येते. अंधुक उजेडात टोकं मोजता आली नाहीत तर बोट चापावर न्यायचंच नाही.

वायोमिंगचा विचार करत असाल तर एवढं लक्षात ठेवा: तिथल्या संघीय ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रात (जिथे मोटारही चालत नाही अशा राखीव रानात) बाहेरच्या राज्यातल्या माणसाला परवानाधारक गाईड किंवा तिथला रहिवासी सोबती असल्याशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. कोलोरॅडोत असं बंधन नाही. तरीही पहिल्यांदा एकटे जाऊ नका.

आउटफिटर निवडताना

हंगामाच्या आधी सगळ्या आउटफिटरांची चित्रं सारखीच दिसतात: घोडे, बर्फ, मोठ्या शिंगांमागे हसणारा माणूस. फोन उचला आणि विचारा. राज्याकडे नोंदणी आहे का? बाँड (हमीची रक्कम) आणि विमा आहे का? लेखी करार देता का? कोलोरॅडोत हे सगळं कायद्यानेच लागतं. वनखात्याच्या जमिनीवर धंदा करायला फॉरेस्ट सर्व्हिसचा परमिट लागतो, तो कुठल्या भागाचा आहे ते विचारा आणि नकाशावर ताडून बघा. एका गाईडमागे किती शिकारी? माझ्या मते उतारावर दोनाहून जास्त नकोत, आणि नवख्याला एकास एक परवडलं तर सोन्याहून पिवळं.

मग तो प्रश्न, जो मी पहिल्या वर्षी विचारला नव्हता: ‘गेल्या हंगामात किती जणांना गोळी झाडायची संधी मिळाली, आणि किती जण रिकाम्या हाताने गेले?’ राज्यभरात बघितलं तर साधारण पाचातल्या एकालाच एल्क मिळतो. चांगल्या गाईडसोबत शक्यता वाढते, पण ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. ज्यांना काहीच मिळालं नाही अशा दोन गिऱ्हाइकांचे नंबर मागा. ते कसे बोलतात त्यावरून कॅम्प कळतो. पहिल्या वर्षीच्या माझ्या आउटफिटरने फक्त शिंगंवाल्यांचे नंबर दिले होते. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

खर्च साधारण ६ ते १० हजार डॉलर, पाच ते सात दिवसांचा. त्यात परवाना, बक्षिसी, मांस कापून घेण्याची मजुरी नसते. बक्षिसी दहा-पंधरा टक्के धरा आणि स्वयंपाक्याला, घोडेवाल्याला वेगळी द्या. ‘ड्रॉप कॅम्प’ नावाचा स्वस्त पर्याय असतो: ते तुम्हाला तंबूपाशी सोडून जातात, शिकार तुमची तुम्ही करायची. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक, खास आपल्यासाठी. शाकाहारी असाल किंवा बीफ खात नसाल तर आधीच सांगा. कॅम्पच्या स्वयंपाकात दिवसाची सुरुवात बेकनने होते आणि शेवट बीफने. आदल्या आठवड्यात सांगितलंत तर स्वयंपाकी बीन्स, बटाटे, अंडी जास्त चढवतो. ३००० मीटरवर पोचल्यावर सांगितलंत तर पाच दिवस ब्रेड आणि पीनट बटर.

पाय, फुप्फुसं, आणि खोगिरात बसणारी जागा

तयारीला सहा महिने द्या. पाठीवर दहा किलोपासून सुरुवात करून वीसपर्यंत न्या आणि जिने चढा. चढण्यात दम जातो तो विश्रांतीने परत येतो, उतरताना गुडघा गेला की शिकार संपली. रायगडाच्या पायऱ्या एका दमात उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्यांचं काय होतं ते आठवा, आणि तसे सलग पाच दिवस धरा. म्हणून उतरण्याचा सराव वजन घेऊनच करा.

सह्याद्रीवाल्यांना इथे एक गोष्ट सोपी जाते आणि एक अवघड. मुरमाड घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा हे आपल्याला येतं. पण आपली सवय वर जाणाऱ्या किंवा खाली येणाऱ्या वाटेची. एल्कच्या मागे तासन् तास उताराला आडवं चालावं लागतं, वाट नसते आणि गवताखाली बर्फ असतो. वरच्या बाजूचा घोटा आत मुडपत राहतो. ताठ, घोट्याच्या वर येणारे, चांगल्या तळव्याचे बूट घ्या आणि घरी दोन महिने वापरून मऊ करा. काठ्या दोन. रायफल पाठीवर, नळीत काडतूस नाही. गाईड ‘भर’ म्हणेल तेव्हाच भरायचं. घसरून पडणं या प्रवासात ठरलेलंच आहे, त्या वेळी बंदूक रिकामी असायला हवी.

उंचीची सवय व्हायला वेळ द्या. समुद्रसपाटीवरून येत असाल तर दोन रात्री २०००-२५०० मीटरवरच्या गावात काढा, दारू टाळा, पाणी पीत राहा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही उंची लागल्याची खूण. ‘डायमॉक्स’ची गोळी मदत करते, पण डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगून. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, पाय अडखळायला लागले, तर मर्दुमकी बाजूला ठेवून खाली उतरायचं. रात्र असली तरी.

घोड्याबद्दल कोणी बोलत नाही. वाइल्डरनेस म्हणून घोषित झालेल्या जागी १९६४च्या कायद्याने मोटार तर नाहीच, साधी चाकाची गाडीही चालत नाही. त्यामुळे सगळं घोडे-खेचरांवर. चार महिने आधी जवळच्या तबेल्यात जाऊन सात-आठ वेळा खोगिरात बसा. अरुंद वाटेवर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी असताना लगाम खेचून घोड्याला शिकवायला जाऊ नका, त्याला वाट तुमच्याहून जास्त ठाऊक असते. लगाम सैल, टाचा खाली, रिकिबीत फक्त पायाचा चवडा. आउटफिटर वजनाची मर्यादा घालतात, तिथे खोटं बोललात तर शिक्षा जनावराला होते.

नेम

.३०-०६, .२७०, .३०८, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, यातलं काहीही चालतं. मोठ्या बंदुकीचा जबर धक्का बसून डोळे मिटणाऱ्यापेक्षा लहान बंदुकीने शांत नेम धरणारा बरा. गोळी चांगली, आत जाऊन फुलणारी पण तुकडे न होणारी घ्या.

सराव टेबलावर कमी, जमिनीवर जास्त. बसून, गुडघ्यावर, पाठपिशवीवर नळी टेकवून, काठ्यांच्या आधाराने. आणि दम लागलेला असताना. माझी परीक्षा अशी: रेंजच्या मागच्या टेकडीवर पळत जाऊन या, लगेच बसा, नऊ इंचांच्या कागदी जेवणाच्या प्लेटवर पाच गोळ्या झाडा. पाचही प्लेटमध्ये बसतात ते अंतर तुमचं. पाचपैकी चार बसल्या तर ते अंतर तुमचं नाही. माझं २५० यार्ड आहे आणि तेवढंच मी गाईडला सांगतो.

उताराचं गणित समजून घ्या. गोळीला खाली खेचणारं गुरुत्व आडव्या अंतरावर चालतं, तिरक्यावर नाही. समोरच्या खालच्या उतारावर ३०० यार्डांवर एल्क आहे आणि कोन ३० अंश, तर गोळीच्या हिशेबाने अंतर साधारण २६० यार्ड. कोन ४० अंश झाला तर २३०. हे न कळणारा चढावर असो वा उतारावर, गोळी जनावराच्या वरून घालवतो. कोन धरून अंतर सांगणारा रेंजफाइंडर मिळतो, तो घ्या, कागदावरचं गणित थंडीत सुचत नाही.

आणि वरून खाली नेम धरताना गोळी कुठे शिरेल यापेक्षा कुठून बाहेर पडेल ते बघा. जागा तीच, पुढच्या पायामागची, हृदय-फुप्फुसांची. पण तुम्ही बरेच वर असाल तर नेम किंचित वर घ्यावा लागतो, म्हणजे गोळी छातीच्या मधून जाते, नुसती खालची कड कापत नाही. आडवा उभा असेल किंवा थोडा पाठ फिरवून असेल तरच. तोंड तुमच्याकडे असेल, चालत असेल, झाडाआड असेल, तर थांबा.

सामानाबद्दल थोडक्यात: लोकरीचे थर, पाऊस-बर्फाचं जाकीट, दोन हेडटॉर्च, चांगली दुर्बीण (इथे पैसे वाचवू नका), आणि रायफलच्या हंगामात कमरेच्या वरच्या अंगावर निदान ५०० चौरस इंच झळझळीत केशरी किंवा गुलाबी रंग, शिवाय डोक्यावर त्याच रंगाची टोपी. कोलोरॅडोत गुलाबीही चालतो. सुती बनियन घरी ठेवा, घाम आला की तो वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते.

दिवसभर काय चालतं: बहुतेक वेळ वारा बघणं

गाईडच्या खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली असते. दर पाच-दहा मिनिटांनी तो ती दाबतो आणि धूळ कुठे जाते ते बघतो. मला आधी ते थोतांड वाटलं. एल्कच्या डोळ्यांना तुम्ही एखाद वेळी फसवाल, कानांना क्वचित. नाकाला फसवता येत नाही.

डोंगरातल्या वाऱ्याचं वेळापत्रक असतं. रात्रभर गार झालेली जड हवा पहाटे दरीत उतरत असते. ऊन उतारावर पडलं, जमीन तापली की नऊ-दहाच्या सुमारास ती वर चढू लागते. संध्याकाळी उलट. कोकणकड्यावर उभं राहून दरीतून वर येणारा वारा ज्याने तोंडावर घेतलाय त्याला हे वेगळं समजवायला नको. मधला अर्धा तास मात्र बेभरवशाचा: हवा कधी वर, कधी खाली, कधी गोल. त्या वेळी चांगला गाईड बसून राहतो, काहीतरी चघळतो आणि तुम्ही कितीही चुळबुळ केलीत तरी उठत नाही.

आता एल्कचं वेळापत्रक यावर ठेवून बघा. रात्री ते मोकळ्या, गवताच्या उतारावर चरतात. उजाडताना वर निघतात आणि उत्तरेकडच्या, दाट झाडीच्या, सावलीच्या बाजूला जाऊन बसतात. बसायची आवडती जागा म्हणजे उताराच्या मध्ये आलेली सपाट पायरी, आपण ज्याला डोंगराचा पदर म्हणतो तीच. तिथे बसला की खालून चढणारी हवा दरीतली खबर आणून देते. त्याच्या मागे पहाटे खालून धावलात तर तो चार पायांवर आहे आणि तुम्ही दोन, गाठ पडणार नाही. म्हणून बहुतेक गाईड अंधारातच धारेवर चढून वरून दुर्बिणीने बघतात, कळप कुठल्या पदरात शिरला ते मनात टिपतात, आणि हवा नक्की वर चढू लागली की धारेवरून आडवं जाऊन वरच्या बाजूने उतरतात. संध्याकाळी सूर्य त्या उतारावरून गेला की काही मिनिटांत हवा फिरते. सावली सरकत येताना दिसली की तुम्ही जिथे आहात तिथून निघायला हवं.

दुर्बीण कशी बघायची तेही शिकावं लागतं. अख्खा एल्क शोधू नका. झाडीत आडवी रेघ शोधा, कारण जंगलात बाकी सगळ्या रेघा उभ्या असतात. फिकट पिवळसर पुठ्ठा शोधा, कानाची हालचाल शोधा. एकच उतार चाळीस मिनिटं बघायचा. बसल्या जागी गारठून जाल, म्हणून मोठं जाकीट पाठपिशवीत असू द्या.

सप्टेंबरात, धनुष्याच्या हंगामात, नर माजावर असतात आणि त्यांची शीळ दरी भरून टाकते. तेव्हा गाईड मागे थांबून मादीचा किंवा दुसऱ्या नराचा आवाज काढतो आणि तुम्ही पुढे झाडाआड. ऑक्टोबरनंतरच्या रायफल हंगामांत ती मजा ओसरलेली असते, मग काम डोळ्यांचं आणि पायांचं.

अस्वलांचं: कोलोरॅडोत काळी अस्वलं आहेत. राज्यातलं शेवटचं ज्ञात ग्रिझली १९७९ साली याच सॅन वान रांगेत मारलं गेलं, तेही एका एल्क-गाईडवर हल्ला केल्यावर, त्याच्याच हातून. वायोमिंग, मोंटानात मात्र ग्रिझली आहेत आणि तिथे बेअर स्प्रे पट्ट्याला लावलेलाच हवा, पिशवीत नाही.

‘नको’

दुसऱ्या वर्षी चौथ्या दिवशी दहाच्या सुमारास २४० यार्डांवर एक नर उभा राहिला. आडवा, मोकळा, एका बाजूला पाच टोकं. वारा तोंडावर. मी पिशवीवर रायफल टेकवून श्वास सोडला होता. गाईडने हात पुढे करून माझ्या रायफलवरच्या दुर्बिणीच्या काचेवर ठेवला आणि इतकंच म्हणाला, ‘नको.’

नर ज्या कपारीवर उभा होता तिच्याखाली कडा होता आणि कड्याखाली बर्फाने भरलेली घळ. गोळी लागलेला एल्क जागच्या जागी क्वचितच पडतो, चार पावलं टाकतो, आणि त्याची चार पावलं त्याला हवेत घेऊन गेली असती. दोनशे मीटर खाली आपटलेलं मांस म्हणजे हाडांचा चुरा आणि फुटलेला कोथळा. तिथवर खेचर जात नाही, माणूस गेला तर त्याच्याच जिवाचं काही सांगता येत नाही. शिवाय कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस टाकून येणं गुन्हा आहे. मी दिवसभर गाईडशी धड बोललो नाही. रात्री जेवताना त्याने विचारलं, ‘तू तिथून त्याला उचलून कसा आणला असतास, ते सांग.’ मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून चापावर बोट जाण्याआधी मी तीन गोष्टी मनात म्हणतो: कुठे पडेल, तिथे अंधार पडायच्या आत पोचेन का, आणि तिथून किती खेपा. एकाचं उत्तर नसेल तर रायफल खाली. गाईडला पैसे मोजताना मनात असूद्या की त्यातले निम्मे या एका शब्दाचे आहेत. तुमचा गाईड पाच दिवसांत एकदाही ‘नको’ म्हणाला नाही तर दुसऱ्या वर्षी दुसरा शोधा.

गोळीनंतर

झाडलीत की लगेच दुसरं काडतूस भरा आणि नजर हलवू नका. उभा असेल तर पुन्हा झाडा, कौतुक करत बसू नका. पडला किंवा झाडीत गेला तर तो शेवटचा कुठे दिसला ते झाड, तो दगड पक्का करा आणि निदान अर्धा तास बसा. घाईने गेलात तर जखमी जनावर उठून आणखी दोन दऱ्या ओलांडतं. मग माग काढायचा: रक्त, उखडलेली माती, मोडलेलं गवत.

माझी मादी २१० यार्डांवर पडली, उतारावरून तीसेक मीटर घसरली आणि ॲस्पनच्या झाडांना अडकली. जवळ जाताना वरच्या बाजूने जा, खालून कधीच नाही, सव्वादोनशे किलोचं धूड पुन्हा घसरू शकतं. पहिलं काम परवान्यासोबतचा टॅग: सही, तारीख. दुसरं काम दोर: वरच्या झाडाला जनावर बांधून ठेवायचं. त्यानंतर सुरी.

उतारावर पोट न फाडता मांस काढायची पद्धत सोपी जाते. वरच्या कुशीचं कातडं सोलायचं, पुढचा फरा, मागचा फरा, पाठीची लांब पट्टी, मानेचं मांस काढायचं, मग उलटवून दुसरी कूस. शेवटी आतल्या बाजूच्या दोन मऊ पट्ट्या. कायद्याने लिंगाची खूण मांसाला जोडलेली ठेवावी लागते, ती कापून टाकू नका. सुरीची पाती बदलता येतात, पण ती वस्तऱ्यासारखी असतात आणि थंडीने बोटं बधिर असतात. माझं अंगठ्यावरचं व्रण तिथलंच. हातमोजे घाला, एका वेळी एकानेच कापा.

मांसाचा शत्रू ऊब. बाहेर बर्फ असलं तरी कातड्याखाली जाड मांडीच्या हाडाजवळ ते आतून नासतं. कातडं लवकर काढा, जाळीदार कापडी पिशव्यांत घाला, सावलीत उंच टांगा, आणि आतड्यांच्या ढिगापासून शंभर पावलं लांब, कारण रात्री त्या ढिगावर अस्वल येतं. नराचं बिनहाडाचं मांस शंभर किलोच्या आसपास भरतं, एकेक मागचा फरा हाडासकट तीसेक किलो. खेचरं दुसऱ्या दिवशी आली तरी त्यांच्या वाटेपर्यंत ते तुमच्याच पाठीवर यायचं असतं. आम्हा दोघांना मादीचं सगळं मांस धारेवर चढवायला तीन खेपा लागल्या आणि तंबूत पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते.

घरी नेण्याआधी सीडब्ल्यूडीची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची) चाचणी करून घ्या. हरीण कुळातला हा मेंदूचा रोग पहिल्यांदा १९६७ साली कोलोरॅडोतच आढळला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोग निघाला तर ते मांस खाऊ नये असंच आरोग्य खातं सांगतं. त्यासाठी डोकं खात्याच्या केंद्रावर द्यायचं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये नाव-तारीख टाकून वेगळं ठेवायचं. मेंदू आणि मणका बाहेरून आणायला बऱ्याच राज्यांत बंदी आहे, तेव्हा हाड काढूनच निघा. विमानाने न्यायचं तर गोठवून, कूलरमध्ये, सुका बर्फ माणशी अडीच किलोपर्यंत आणि एअरलाइनला विचारून.

एल्कच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते. पाठीची पट्टी जास्त शिजवली की चामडं होते, ती तव्यावर तुपात दोन-दोन मिनिटं, मीठ-मिरी, बस. नळीचं मांस आणि मानेचं मांस मात्र आपलं काम: कांदा-खोबरं भाजून वाटण, कुकरला मटणापेक्षा तीन-चार शिट्ट्या जास्त, आणि वरून एक चमचा जास्तीचं तेल, नाहीतर तर्री येत नाही.